भंगारवाला जे घेत नाही

कोल्हापुरात सामान मागायला लाजावं लागत नाही. टाकून दिलेल्या सामानातून चित्रं, वस्तू करायची आमची महिन्यातून एकदाची कार्यशाळा असते, तिच्यासाठी सुताचे रिकामे कोन हवेत म्हणून इचलकरंजीच्या एका कारखान्यात फोन केला, तर कशाला, कुणासाठी असलं काही न विचारता पलीकडून थेट ‘पोती किती आणताय?’ एवढंच आलं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली त्या गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि तेव्हापासून ते गाव सुतावर जगतंय. सूत संपलं की मागं राहतो तो निमुळता, कडक, कागदी कोन. लहान मुलाच्या हातात दिला की त्याचा आधी भोंगा होतो, मग टोपी होते आणि चित्रकलेचा नंबर त्यानंतर लागतो.

सुभाषनगरात चप्पल कारागिरांकडं कातड्याची कात्रणं मिळतात. अस्सल कोल्हापुरीचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं असतं. त्यामुळं तुकडा ओलसर करून त्यावर चावी, नाणं किंवा बटण दाबून धरलं की वाळल्यावरही ठसा तसाच राहतो. रासायनिक पद्धतीनं कमावलेल्या मऊ कातड्यावर हे साधत नाही, हे तिथल्याच एका कारागीर काकांनी सांगितलं. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. कात्रणांना अजून तरी मिळालेलं नाही, म्हणून ती आम्हाला फुकट येतात.

उद्यमनगरातून येतात लाकडी पॅटर्न. फाउंड्रीत ओतकाम करण्याआधी वस्तूची लाकडी प्रतिकृती करतात, ती रेतीत दाबून साचा घेतात आणि ऑर्डर बंद झाली की पॅटर्न माळ्यावर धूळ खात पडतो. पंपाचं अर्धं अंग, चाकाचा गाभा, कशाचं तरी झाकण. रंगवून कागदावर दाबले की त्यांचे ठसे फार देखणे उठतात. लेथवरची बुरी, म्हणजे धातूचा कीस, मात्र आम्ही घेत नाही, ती बोट कापते. फाउंड्रीतली वापरलेली रेतीही नाही, तिची धूळ छातीत जायला नको. ‘चांगली चाळून देतो की,’ असं म्हणणाऱ्या प्रेमळ कारखानदाराला नाही म्हणणं हे या कामातलं अवघड कौशल्य आहे.

आणि फ्लेक्स. या शहरात फ्लेक्सला तोटा नाही. वाढदिवस, निवड, अभिनंदन, पुन्हा वाढदिवस. छापलेली बाजू खाली घातली की पाठीचा पांढरा पडदा चित्राला मिळतो. जलरंग त्यावर थांबत नाही, गोळा होऊन ओघळतो. ॲक्रिलिक धरतो. खाली जमिनीशी कुठल्यातरी दादांचा हसरा चेहरा, एक डोळा या पोराच्या गुडघ्याखाली, दुसरा त्या पोराच्या. फ्लेक्स तापवायचा किंवा जाळायचा नाही, एवढं पथ्य पाळलं की झालं. तो पीव्हीसी प्लास्टिकचा असतो, त्याचा धूर वाईट.

मी शाळेत चित्रकला शिकवते. आठवडाभर इयत्तेप्रमाणे बाकांवर बसलेली मुलं बघायची आणि महिन्यातल्या एका रविवारी पेठेतल्या एका सभागृहात सतरंजीवर वेगळीच माणसं बघायची. तिथं सहा वर्षांची मुलगी असते आणि ऐंशीच्या पुढच्या आजी. ऐकू न येणारे दोन भाऊ, पूर्ण अंध असलेला कॉलेजचा एक मुलगा, चाकाच्या खुर्चीवरून येणारी एक ताई, गर्दीत कान झाकून घेणारा स्वमग्न मुलगा आणि त्याची आई, कचरा वेचणाऱ्या मावशी, निवृत्त पॅटर्नमेकर काका, आणि ‘मुलाला सोडायला आलोय’ म्हणत दारात उभे राहून तासाभरानं चिंध्या कापायला बसलेले बाप. फी नाही, वयाची अट नाही. सामान सगळं मागून आणलेलं.

मागून आणलेलं म्हणजे गोड गोष्ट, असं आधी वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी बघितला त्यांना दानाची दुसरी बाजू ठाऊक आहे. राज्यभरातून माणसं धावून आली, हे खरंच. पण मदतीच्या गाठोड्यांत चेन तुटलेल्या पँटी, एकाच पायाचे मोजे आणि घामाचे डाग पडलेले शर्टही आले. ज्याच्या घरातली चूलसुद्धा चिखलात गेली त्यानं दुसऱ्याच्या कपाटाची सफाई गोड मानून घ्यावी, अशी ती अपेक्षा. कार्यशाळेलाही तसली पोती येतात. सुकलेले स्केचपेन, खरकटे डबे, अर्धवट भरलेल्या चित्रांच्या वह्या. ‘तेवढंच त्या मुलांना’ असं म्हणत लोक देऊन जातात. त्या मुलांना म्हणजे कुणाला, हे मी आता विचारते. आणि सुकलेलं स्केचपेन परत हातात ठेवते. माणूस दुखावतो, पण पुढच्या खेपेला झाकण लावलेलं, चालणारं पेन आणतो. क्वचित अजिबात येतच नाही, तेही चालतं.

यापेक्षा मोठा प्रश्न मावशींनी काढला. सोसायट्यांमधून आम्ही पुठ्ठे, वर्तमानपत्रं, पाण्याच्या बाटल्या गोळा करत होतो आणि लोक मोठ्या हौसेनं देत होते. मावशी ते ढीग बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, ह्ये सगळं वजनावर जातंय. तुम्ही फुकट उचलताय, मग आमी काय उचलायचं?’

त्यावर कुणापाशी उत्तर नव्हतं, कारण तो हिशेब सरळ आहे. पुठ्ठा, रद्दी, पत्रा, बाटली यांना काट्यावर भाव आहे. तो भाव पहाटे उठून कोंडाळी धुंडाळणाऱ्या बाईच्या घरचा किराणा आहे. पर्यावरणाच्या नावानं शाळा, मंडळं, हौशी कलाकार हेच सामान दारातून उचलतात, तेव्हा साखळीतल्या शेवटच्या माणसाचा वाटा कापला जातो आणि फोटोत मात्र कुणाच्या हातावर कात्री चालली ते दिसत नाही. कचरा कमी करणं आणि कचऱ्यावर जगणाऱ्याला बाजूला सारणं ही दोन कामं एकाच पिशवीत होऊ शकतात.

त्या दिवसापासून आमच्याकडं नियम आहे: भंगारवाला जे घेत नाही तेवढंच घ्यायचं. चिंध्या, फ्लेक्स, कातडं, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, वेफर्सची चकचकीत पुडकी. या पुडक्यांत प्लास्टिक आणि धातूचा पातळ मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात की वेगळे करणं परवडत नाही, म्हणून त्यांना काट्यावर किंमत नाही. लगद्यासाठी रद्दी लागतेच. ती मावशींकडून विकत घ्यायची, चालू भावानं. आणि मावशींना त्या दिवसाचं मानधन, बाहेरून पाहुणा चित्रकार बोलावला तर त्याला जेवढं देतो तेवढंच. यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. ‘त्या शिकायला येतात की शिकवायला?’ असा एकाचा प्रश्न होता. हातातलं पाकीट न बघता नुसतं चुरगाळून, आवाजावरून ते कशाचं आहे हे सांगणाऱ्या बाईला शिकाऊ कसं म्हणायचं, हा माझा.

कार्यशाळेचा पहिला तास निवडण्याचा. पोती सतरंजीवर ओतायची आणि सगळ्यांनी बसून वेगळं करायचं. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, ही पूर्वतयारी, कला नंतर सुरू होणार. माझ्या लेखी चित्रकलेचा तास तोच. काळ्यातला निळसर काळा कोणता आणि तपकिरी काळा कोणता, हे शाळेत सांगून कळत नाही, शिंप्याच्या दुकानातल्या काळ्या चिंध्यांचा डोंगर उपसताना कळतं.

अंध मुलगा चिंध्या दोन बोटांत चोळून सुती आणि पॉलिस्टर वेगळं करतो, आमच्या कुणाहीपेक्षा लवकर. रंग मात्र त्याला दुसऱ्याला विचारावे लागत. त्यावर त्यानंच तोड काढली. प्रत्येक रंगाच्या सुताच्या गुंड्याला बाहेर एक शेपूट सोडायचं आणि त्यावर गाठी मारायच्या. पांढऱ्याला एक, तांबड्याला दोन. ‘आदी पांढरा, मग तांबडा. उलटं जेवत न्हाईत,’ असं पॅटर्नमेकर काका म्हणाले आणि रश्श्याच्या गप्पांत पंधरा मिनिटं गेली. आता डोळस पोरंसुद्धा गुंडा उचलताना आधी शेपूट चाचपतात.

पॅटर्नवरून हात फिरवताना याच मुलाच्या लक्षात आलं की एकाही पॅटर्नची भिंत सरळ उभी नाही, प्रत्येक किंचित कललेली आहे. मी ते ठसे इतके काढले होते, मला कधी दिसलं नव्हतं. काका खूष झाले. म्हणाले, त्याला ड्राफ्ट म्हणतात. भिंत काटकोनात ठेवली तर रेतीतून पॅटर्न वर काढताना साच्याची कड ढासळते, म्हणून उतार द्यावा लागतो. आणि धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा जरासा मोठा करायचा. आयुष्यभर हे काम केलेल्या माणसाला त्याबद्दल इतक्या बारकाईनं विचारणारा भेटला तो निवृत्तीनंतर, सतरंजीवर. त्या रविवारी चित्रं झालीच नाहीत. दोघं पॅटर्न मांडीवर घेऊन बोलत बसले आणि भोवती पोरांचा गराडा.

सगळ्यांना सामावून घ्यायचं, हे बोलायला सोपं वाटतं, कारण बोलताना ‘सगळे’ एकसारखे असतात. प्रत्यक्षात एकाची सोय ही दुसऱ्याची गैरसोय असते. आजींना खुर्चीत बसून काम जमत नाही, त्यांना जमीन हवी. ताईंना टेबल हवं, तेही खाली खुर्चीचे हात जातील इतक्या उंचीचं. अंध मुलाला प्रत्येक वस्तू ठरल्या जागी हवी आणि सहा वर्षांच्या मुलीला प्रत्येक वस्तू सगळीकडं हवी. थर्माकोल कापताना होणारी किरकिर ऐकली की स्वमग्न मुलगा उठून दाराशी पळतो. ते दोघे भाऊ थर्माकोलवर खूष होते, त्यांना त्या आवाजाचं काही नव्हतंच. शेवटी थर्माकोल गेला आणि भाऊ नाराज झाले. त्यांनी हातवाऱ्यांनी बराच वेळ आमची कानउघाडणी केली, त्यातली निम्मीच आम्हाला कळली. त्यांना बदली म्हणून पॅटर्नचा मोठा खोका मिळाला. कापड टर्रकन फाडायचा आवाज मात्र त्याच स्वमग्न मुलाला मनापासून आवडतो. फाडायचं सगळं काम त्याच्याकडं. त्याची आई पहिल्यांदाच भिंतीला टेकून बसली, ती त्याच दिवशी.

जागेचा किस्सा सांगायलाच हवा. आधीचं सभागृह उजेडाचं, मोठ्या खिडक्यांचं, पण दारात तीन पायऱ्या. सहा-सहा इंचांच्या तीन म्हणजे दीड फूट चढ. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं माप एकास बारा धरतात, म्हणजे अठरा फूट लांब उतार हवा आणि समोरचा बोळ तेवढा रुंद नाही. तिथल्या माणसानं एक फळी आणून टाकली. ती घसरगुंडी झाली. मग तो म्हणाला, ‘चौघं हाईत की, खुर्चीसकट उचलू ताईंना. नाद करायचा न्हाई.’ त्याचा हेतू शंभर टक्के स्वच्छ होता. ताई म्हणाल्या, ‘मला उचलू नका. जागा बदला.’

जागा बदलली. आताचं सभागृह तळमजल्यावर आहे, उजेड कमी, ट्यूबलाइटखाली तांबडा आणि भगवा ओळखू येत नाहीत, आणि चित्रकलेची बाई म्हणून मला त्याचा दर रविवारी राग येतो. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले, पण बोळ तेवढाच राहिला. तरी हे शहर या बाबतीत अगदीच कोरं नाही. नसीमा हुरजूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था इथं १९८४ साली उभी केली, तीही स्वतः चाकाच्या खुर्चीवरून. त्यामुळं ‘मला उचलू नका’ हे वाक्य कोल्हापूरला अनोळखी नाही. फक्त प्रत्येक इमारतीला ते नव्यानं सांगावं लागतं.

लगद्याचा दिवस आजींचा. कागद भिजत घालायचा, दोन दिवसांनी पिळून वाटायचा, इथवर मला माहीत होतं. मी त्यात फेव्हिकॉल ओतायला निघाले तर आजींनी हात धरला. मेथ्या भिजवून वाटून घालायच्या. त्यानं चिकटपणा येतो आणि कडू म्हणून कीड लागत नाही. त्यांच्या आईच्या काळी घरोघरी अशा लगद्याच्या टोपल्या होत्या, पालथ्या पातेल्यावर थापून वाळवलेल्या. पोस्टरं चिकटवायच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकायची पद्धत होती, ती कुणीतरी सुचवली. मोरचूद विषारी, मुलं बोटं तोंडात घालणार, तेव्हा ते बाद. मेथी तोंडात गेली तर फार तर तोंड वाकडं होईल. आजी कामाला बसल्या की दयामाया नसते. ‘असा नसतोय मळायचा. जोर लाव की, जेवला न्हाईस?’ हे त्यांनी एका डॉक्टरांना ऐकवलं. सभागृहात तीन दिवस मेथीचा वास होता आणि पुढच्या कार्यक्रमवाल्यांनी तक्रार केली.

चिकटवण्यावरून आठवलं. आमच्याकडं डिंक कमी आणि दोरा, नाडी, नट-बोल्ट जास्त वापरतात. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून घनाकृतींपासून पुलांपर्यंत काय काय केलं, हे महाराष्ट्रातल्या शिक्षकांना सांगायला नको. त्या जोडणीचा एक गुण मला फार उशिरा उमगला: ती सुटते. गरम गोंदानं चिकटवलेला कोन पुन्हा कोन होत नाही, नाडीनं बांधलेला होतो. आणि आम्हाला ते लागतं, कारण साठवायला जागा नाही, एक लोखंडी कपाट आणि त्याचा माथा एवढीच. त्यामुळं संध्याकाळी बरंचसं सोडून, निवडून, परत पोत्यांत जातं. ज्यानं केलं त्याला ते घरी न्यायचं असेल तर तो नेतो. नको असेल तर तोच सोडतो. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा इथला एकमेव कडक कायदा.

पाहुण्यांना हे बघवत नाही. ‘अहो, एवढं सुंदर केलेलं मोडताय?’ एका संस्थेनं आमचं प्रदर्शन भरवलं होतं, तिथं काहीही मोडू दिलं नाही. काचेच्या पेट्या, पिवळा उजेड, खाली पाट्या. पाटीवर करणाऱ्याचं नाव लहान आणि अपंगत्वाचा प्रकार मोठ्या अक्षरात. निवेदिका माईकवरून म्हणाल्या की यांच्याकडं बघून आपल्याला आपलं दुःख लहान वाटतं. अंध मुलगा माझ्या शेजारी होता. त्यानं विचारलं, ‘मॅडम, माझ्या चित्राला हात लावू देतात का लोकांना?’ हात लावण्यासाठीच केलेलं चित्र काचेत होतं. चंदीगडमध्ये नेकचंदांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेचे सॉकेट यांतून बाग उभारली. तिथं लोक त्या वस्तूंमधून, त्यांच्या कडेनं चालत जातात. आणि ते वर्षानुवर्षं चोरून करत होते, १९७६ ला बाग लोकांसाठी उघडण्याआधी. काम सुरू करायला त्यांना उद्घाटक लागला नाही, हे मला त्या बागेइतकंच आवडतं.

आता वाकळीविषयी, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीविषयी, कारण सध्या भांडण तिच्यावरून आहे.

पुरानंतरच्या त्या कपड्यांतली काही पोती कुणाच्या तरी गोदामात तशीच पडून होती, ती आमच्याकडं आली. घालण्याजोगं त्यात काही नव्हतं. आजी म्हणाल्या, वाकळ शिवा. काका म्हणाले, शिवा, पण मापात शिवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणून ४३ फूट लांब. एकेक फूट एकेकानं शिवायचा, धावदोऱ्यानं, आपल्याला हवा तसा. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांची बोटं वळत नाहीत त्यांना पुठ्ठ्याला भोकं पाडून दिली आणि दाभणाची टोकं घासून बोथट केली. ३९ व्या फुटावर, जिथं इशारा पातळी असते, तिथं त्या दोन भावांनी औषधाची चंदेरी पाकिटं टाचली.

त्रेचाळीस फूट झाले तेव्हा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून येणारी एक बाई म्हणाली, ‘त्रेचाळीसला आमी अजून घरातच चहा पीत असतोय. खरं पाणी पुढं हाय.’ २०१९ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. मग आणखी बारा फूट. हे बारा फूट ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांनीच शिवले आणि त्यात नक्षी नाही. एकानं नुसतं आपल्या घराचं दार शिवलंय, कडी वरून लावलेली.

एवढी लांब वाकळ सभागृहात मावेना, ती पटांगणात पसरावी लागली. ती बघून एका मोठ्या ठिकाणाहून मागणी आली: कायमची लावतो, फ्रेम करतो, सोबत आमच्या नावाचा फलक. काही जणांना ते पटलंय. दरसाल जुलैत लोकांच्या डोळ्यांसमोर असावी, असं काकांचं म्हणणं. मावशींचं म्हणणं वेगळं. येत्या थंडीत वस्तीवर पांघरायला कमी आहे, एवढ्या लांबीच्या सहजी आठ-दहा वाकळी होतील, आणि भिंतीला थंडी वाजत नाही. कुंभार गल्लीच्या बाईंना शेवटचे बारा फूट तेवढे वेगळे हवेत. ज्यानं केलं त्यानंच सोडायचं हा कायदा इथं लावायचा तर पंचावन्न जणांना विचारावं लागेल, आणि त्यातले काही पुन्हा आलेलेच नाहीत. मी मावशींच्या बाजूनं आहे, पण दाराचा तो एक फूट कुणाच्या पायावर जाणार या विचारानं मलाही ठाम बोलता येत नाही.

गेल्या बैठकीत आवाज चढले, स्वमग्न मुलगा कान झाकून बाहेर गेला आणि त्याच्यामागं निम्मी बैठक. निघता निघता आजींनी वाकळीची एक कड उलटून बघितली आणि सांगितलं, कापणार असाल तर शिवणीवर कापा, मधनं कापू नका, सगळं उसवत जाईल. ‘म्हणजे आजी कापायच्या बाजूनं,’ मावशी म्हणाल्या. ‘मी कुठं म्हटलं?’ आजी म्हणाल्या. पुढची बैठक येत्या रविवारी आहे.